जुनी विकास नियंत्रण नियमावली बदलताना मसुद्यात नेमके काय तपासावे?

प्रश्न : मसुदावाचक

शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीचे पुनर्लेखन होत असताना नागरिकांनी मसुद्यातल्या कोणत्या गोष्टी बारकाईने पाहाव्यात, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मी वास्तुरचना किंवा नगररचना या क्षेत्रांतला नाही. मात्र मसुद्यावर हरकती व सूचना तयार करणाऱ्या एका नागरिक गटात काम करतो. आमच्यापुढे असलेला दस्तऐवज इतका मोठा आणि तक्त्यांनी भरलेला आहे की, त्यातले कोणते कलम घरांच्या उपलब्धतेवर खरोखर परिणाम करणार आहे आणि कोणते केवळ भाषेची डागडुजी आहे, हे ठरवणेही अवघड जाते.

मसुद्यात चार मोठे बदल आहेत. निवासी विभागातील चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), वाढवला आहे. जेथे आतापर्यंत एका भूखंडावर एकच घर बांधता येत होते, तेथे आता तीन-चार घरांना मुभा दिली आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या जवळच्या पट्ट्यात वाहनतळाची सक्ती सैल केली आहे. आणि मोठ्या प्रकल्पांनी काही घरे परवडणाऱ्या दरात दिली, तर त्यांना जादा निर्देशांक देऊ केला आहे.

या बदलांवर आमच्या गटात दोन तट पडले आहेत. निर्देशांक वाढला की घरे आपोआप वाढतील आणि किमती आटोक्यात येतील, असे काहींचे म्हणणे आहे. इतरांना भीती वाटते की पाणी, मलनिःसारण आणि रस्ते यांच्यावर ताण येईल, जुने भाडेकरू उठवले जातील आणि फायदा जमीनमालकांच्या पदरात पडेल. दोन्ही बाजूंचे लोक मनापासून बोलत आहेत, त्यामुळे केवळ मतदान घेऊन हा विषय संपवावा असे मला वाटत नाही. इतर शहरांनी अशा बदलांतून काय अनुभव घेतला आणि मसुद्यातल्या कोणत्या जागी आम्ही बोट ठेवले पाहिजे, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : भूखंडरेषा

मी इमारतींचे आराखडे तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे नियमावलीकडे रोज एकेका भूखंडाच्या बाजूने पाहावे लागते. तुमच्या गटाला माझी पहिली विनंती अशी की, निर्देशांकाच्या आकड्यावरची चर्चा थोडी बाजूला ठेवा. निर्देशांक केवळ वरची मर्यादा सांगतो. प्रत्यक्षात किती बांधता येईल हे सामासिक अंतरे (भूखंडाच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा), उंचीची मर्यादा, वाहनतळ, जिना आणि अग्निसुरक्षेच्या अटी एकत्र लागू झाल्यावर ठरते. यांतली जी अट सर्वांत कडक असेल तीच घरांची संख्या ठरवते, आणि ती अट बहुतेक वेळा निर्देशांकाची नसते.

एक उदाहरण करून पाहा. १५ मीटर रुंद आणि २० मीटर खोल, म्हणजे ३०० चौरस मीटरचा भूखंड घ्या. निर्देशांक १.५ असेल, तर कागदावर ४५० चौरस मीटर बांधकामाला परवानगी आहे. आता पुढे ४.५ मीटर, मागे ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३ मीटर मोकळे सोडा. बांधण्याजोगी जागा उरते ९ बाय १२.५ मीटर, म्हणजे ११२.५ चौरस मीटर. उंचीची मर्यादा तीन मजल्यांची असेल, तर एकूण बांधकाम ३३७.५ चौरस मीटरवर थांबते. अशा भूखंडावर निर्देशांक १.५ वरून २ केला, तरी एक चौरस मीटरही वाढत नाही. त्यावर प्रत्येक घरामागे एका गाडीची सक्ती असली, की तळमजला वाहनतळात जातो आणि राहण्यासाठी जिन्यासह २२५ चौरस मीटर उरतात. कागदावर दिलेल्या हक्काचा निम्माच भाग हाती आला.

आता त्याच भूखंडावर एका बाजूला शेजारच्या इमारतीला भिंत लावून बांधण्याची मुभा द्या, दुसऱ्या बाजूचे ३ मीटर अंतर तसेच ठेवा आणि वाहनतळाची सक्ती काढा. रुंदी १२ मीटर होते, मजला १५० चौरस मीटरचा होतो आणि तीन मजल्यांत बरोबर ४५० चौरस मीटर बसतात. निर्देशांकाला हातही न लावता मूळचा हक्क पूर्ण वापरता आला. शिवाय एका बाजूची मोकळी जागा सलग राहिली, आणि साडेबारा मीटर खोलीच्या इमारतीत प्रत्येक घराला पुढून व मागून उजेड देणे मुळीच अवघड नाही. म्हणून मसुदाकारांकडे अशी मागणी करा की, शहरात सर्वाधिक आढळणाऱ्या पाच-सहा मापांच्या भूखंडांवर नवे नियम लावून किती घरे बसतात, याचे नकाशे मसुद्यासोबत प्रसिद्ध करावेत. कोपऱ्यावरचा भूखंड, अरुंद भूखंड आणि उताराचा भूखंड त्यात हवेतच. माझ्या मते हे नकाशे न पाहता मसुद्यावर मत देणे घाईचे ठरेल.

हा मुद्दा प्रत्यक्षात किती महत्त्वाचा ठरतो हे अमेरिकेतल्या दोन शहरांवरून दिसते. मिनियापोलिसच्या नगर परिषदेने २०१८ मध्ये नवा आराखडा मंजूर केला आणि २०२० पासून एक-कुटुंबी विभागांत तीन घरांची इमारत बांधण्यास मुभा दिली. त्याची जगभर चर्चा झाली. पण त्या भागांत तीन घरांना मिळून जवळजवळ तेवढेच बांधकाम क्षेत्र उपलब्ध होते जेवढे आधी एका घराला मिळत असे, आणि तशा इमारती फारच थोड्या उभ्या राहिल्या. तेथे नवी घरे वाढली ती मुख्यतः वाहतुकीच्या रस्त्यांलगतच्या मोठ्या इमारतींमधून, आणि वाहनतळाची सक्ती काढल्याचा त्यात मोठा वाटा होता. पोर्टलंडने २०२० मध्ये असाच बदल मंजूर करताना निर्देशांक घरांच्या संख्येशी जोडला : भूखंडावर एकच घर असेल तर कमी, दोन असतील तर थोडा अधिक, तीन किंवा अधिक असतील तर आणखी. त्यामुळे जुने घर पाडून तेथे एकच अवाढव्य घर बांधण्यापेक्षा अनेक मध्यम घरे बांधणे परवडू लागले. तुमच्या मसुद्यात तीन-चार घरांना मुभा दिली आहे, पण त्यांच्यासाठी क्षेत्र वाढवले आहे का, हे सर्वांत आधी पाहा.

किमान भूखंड क्षेत्राचे कलमही चुकवू नका. अमेरिकेतल्याच ह्यूस्टनमध्ये रूढ अर्थाने भूवापर विभागच नाहीत, तरीही तेथे किमान क्षेत्राचा नियम होता. १९९८ मध्ये शहराच्या आतील वर्तुळमार्गाच्या हद्दीत ते ५,००० चौरस फुटांवरून काही अटींसह १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणले गेले, आणि एका जुन्या घराच्या जागी तीन-चार अरुंद, उंच घरे उभी राहू लागली. २०१३ मध्ये हीच सवलत उर्वरित शहरातही लागू झाली. ज्या गल्लीतल्या मालकांना हे नको होते, त्यांना अर्ज करून आपल्या गल्लीपुरते जुने माप टिकवण्याची सोयही तेथे ठेवली होती. ही सोय असल्यामुळे विरोधाची धार कमी झाली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि मलाही ते पटते.

शेवटी, प्रत्येक जुन्या अटीमागचा हेतू लिहून मागा. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये उंच इमारतींना पायऱ्यापायऱ्यांनी मागे घेण्याची अट घातली, कारण रस्त्यावर उजेड आणि हवा पोहोचत नव्हती. हेतू स्पष्ट होता, म्हणून अट तपासता येत होती. आज अनेक नियमावल्यांत सामासिक अंतराचे आकडे एका पिढीने दुसऱ्या पिढीकडून जसेच्या तसे उतरवून घेतलेले असतात आणि ते कशासाठी आहेत हे विचारले, तर परवानगी देणाऱ्या कार्यालयालाही सांगता येत नाही.

उत्तर २ : जलवाहिनी

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. परंतु पाणी आणि मलनिःसारणाची चिंता करणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे केवळ विरोधासाठी विरोध म्हणून बाजूला सारू नये, ही माझी विनंती. सेवा वाहिन्यांच्या नियोजनात अनेक वर्षे काम केल्यानंतर मला असे दिसते की, या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात.

पहिला प्रश्न खर्चाचा आहे. वाढणारी लोकसंख्या कोठेतरी राहणारच. ती शहराच्या कडेला पसरली, तर नव्या वाहिन्या, पंप आणि रस्ते घालावे लागतात आणि त्यांची देखभाल शहराला कायम करावी लागते. ती आतल्या भागात सामावली, तर असलेल्या जाळ्याचा अधिक वापर होतो. दरडोई खर्चाचा विचार केला, तर दुसरा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. दुसरा प्रश्न क्षमतेचा आहे, आणि तो जागेप्रमाणे बदलतो. एखाद्या भागातली मुख्य मलवाहिनी निम्मी रिकामी असते, तर शेजारच्याच भागातली पावसाळ्यात तुडुंब भरते. म्हणून संपूर्ण शहराला एकच उत्तर देणारी नियमावली दोन्हीकडे चुकते. मसुद्यासोबत वाहिन्यांच्या शिल्लक क्षमतेचा नकाशा प्रसिद्ध व्हावा, तो ठरावीक मुदतीने अद्ययावत व्हावा आणि कोणत्या भागात वाढीव हक्क लगेच मिळेल व कोणत्या भागात वाहिनीचे काम झाल्यावर मिळेल, हे त्यावरून आधीच जाहीर व्हावे. क्षमता आहे की नाही हे प्रत्येक अर्जाच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले, तर बांधणाऱ्यालाही खात्री नाही आणि शेजाऱ्यालाही नाही.

रस्त्यांच्या बाबतीत जपानची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तेथे विभागांचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरतात. सध्या ते १३ आहेत आणि निव्वळ औद्योगिक विभाग वगळता इतर सर्व विभागांत घर बांधता येते. परंतु भूखंडापुढचा रस्ता १२ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर निवासी विभागांत रस्त्याच्या रुंदीला साधारणपणे ०.४ ने गुणून जो आकडा येतो त्याहून अधिक निर्देशांक मिळत नाही. ४ मीटर रस्त्यावर १.६, ६ मीटर रस्त्यावर २.४. नियम एका ओळीचा आहे, भूखंडमालकाला स्वतः मोजता येतो आणि गल्लीची ताकद व इमारतीचा आकार यांची सांगड घालतो.

विकास शुल्काचे कलमही नीट वाचा. शुल्क प्रत्येक घरामागे समान ठेवले, तर लहान घर बांधणाऱ्यावर त्याचा भार प्रमाणाबाहेर पडतो आणि मोठी घरे बांधण्याकडे कल वाढतो. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून नव्याने ठरणारी शुल्के घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठेवण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने. तसेच पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यासाठी मोकळी, फरसबंदी नसलेली जागा किती असावी, ही अट निर्देशांकापासून वेगळी ठेवा. इमारत एक मजला उंच झाल्याने पाणी मुरणे थांबत नाही. अंगणभर काँक्रीट ओतल्याने थांबते.

मसुदावाचक

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. नमुना भूखंडांचे नकाशे आणि क्षमतेचा नकाशा या दोन मागण्या आमच्या निवेदनात नक्की येतील. आता दोन शंका उरतात. नियमावली एकदम नव्याने लागू करावी की तुकड्यातुकड्याने बदलावी? आणि भाडेकरूंचे काय? जुन्या, स्वस्त इमारतीच आधी पाडल्या जातील ही भीती आमच्या गटात सर्वांत तीव्र आहे आणि ती मला निराधार वाटत नाही.

उत्तर ३ : नियमसंहिता

मी या विषयाच्या कायदेशीर बाजूचा अभ्यास करतो. पहिल्या शंकेला एकच उत्तर नाही, परंतु दोन्ही वाटांची उदाहरणे समोर आहेत.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने संपूर्ण नियमावली बदलण्याचा प्रयत्न अनेक वर्षे केला आणि २०१८ मध्ये तो सोडून दिला. दुसरा प्रयत्न २०२० मध्ये न्यायालयात अडला, कारण मालमत्ताधारकांना राज्याच्या कायद्याप्रमाणे व्यक्तिशः नोटीस मिळाली नव्हती आणि त्यांचा लेखी निषेधाचा हक्क मानला गेला नव्हता. त्यानंतर शहराने एकेक विषय वेगळा काढला : २०२३ मध्ये वाहनतळाची सक्ती जवळजवळ सर्वत्र रद्द केली, त्याच वर्षी एका भूखंडावर तीन घरांना मुभा दिली आणि २०२४ मध्ये किमान भूखंड क्षेत्र ५,७५० चौरस फुटांवरून १,८०० वर आणले. उलट कॅनडातल्या एडमंटनने २०२० मध्ये वाहनतळाची सक्ती काढून सुरुवात केली आणि पुढे संपूर्ण नियमावली नव्याने लिहून १ जानेवारी २०२४ पासून एकाच दिवशी लागू केली. म्हणजे दोन्ही मार्ग चालू शकतात. पण नोटीस, सुनावणी आणि हरकतींची नोंद यांत कसूर राहिली, तर कितीही चांगला मसुदा वर्षानुवर्षे लटकतो. आज ज्यांना प्रक्रिया कंटाळवाणी वाटते त्यांनाही उद्या न्यायालयात तिचाच आधार लागणार आहे.

तुम्ही सांगितलेल्या चार बदलांत एक महत्त्वाची गोष्ट आलेली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे की परवानगी देणाऱ्या मंडळाचा स्वेच्छाधिकार, हे मसुद्यात शोधा. ‘परिसराच्या स्वरूपाशी सुसंगत’ किंवा ‘समाधानकारक’ अशा शब्दांना मोजमाप नसते, आणि अशा एका शब्दाच्या आधारे सर्व तक्ते निष्प्रभ करता येतात. मोठा विकासक लांबणाऱ्या सुनावण्यांचा खर्च सोसतो. स्वतःच्या भूखंडावर तीन घरे बांधू पाहणारे कुटुंब सोसू शकत नाही. नियम कडक हवा असेल, तर कडक ठेवा, पण तो मोजता येईल अशा भाषेत लिहा. लोकांचा सहभाग नियम ठरवताना पुरेपूर असावा; तो प्रत्येक इमारतीच्या वेळी पुन्हा मागत राहिलो, तर ज्यांना सुनावणीला येण्याची सवड आहे त्यांचेच म्हणणे ऐकले जाते.

परवडणाऱ्या घरांच्या बदल्यात जादा निर्देशांक, या कलमाबद्दल मी अधिक सावध आहे. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमावलीत सार्वजनिक चौक देणाऱ्या इमारतींना जादा क्षेत्र दिले. सर्वाधिक दाटीच्या विभागांत १ चौरस फूट चौकामागे १० चौरस फुटांपर्यंत. क्षेत्र घेतले गेले, इमारती उभ्या राहिल्या, पण कित्येक चौक बसण्याजोगेही नव्हते आणि पुढे त्यांच्यासाठी दर्जाच्या अटी घालाव्या लागल्या. जादा क्षेत्राच्या बदल्यात काय मिळणार, किती वर्षांसाठी, कोणत्या उत्पन्न गटासाठी आणि त्यावर देखरेख कोण करणार, हे कलमातच लिहिलेले हवे. पोर्टलंडने २०१७ मध्ये २० किंवा अधिक सदनिकांच्या इमारतींवर परवडणाऱ्या घरांची सक्ती आणली, तेव्हा ती लागू होण्यापूर्वी अर्जांची रीघ लागली आणि नंतर २० च्या किंचित खाली राहणारे प्रस्ताव दिसू लागले. संख्येची मर्यादा घालावयाचीच असेल, तर ती एकदम न लादता चढत्या प्रमाणात ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

संक्रमणकालीन तरतुदीकडे बहुतेक हरकतदारांचे लक्ष जात नाही. जुन्या नियमांनुसार दाखल झालेल्या अर्जांना कोणते नियम लागू होणार, किती मुदतीपर्यंत, आणि जी जुनी घरे नव्या नियमांत बसत नाहीत त्यांची दुरुस्ती व विस्तार करता येणार का, हे स्पष्ट नसेल, तर नियमावली लागू झाल्यापासून पहिले काही महिने परवानगी कार्यालय ठप्प होते.

उत्तर ४ : ओसरी

भाडेकरूंच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तुमच्या गटातली भीती रास्त आहे, पण ती वाढीव हक्क कोठे दिला जातो यावर फार अवलंबून असते. बहुतेक नियमावल्या संपन्न, विरळ वस्तीच्या निवासी भागांना हात लावत नाहीत आणि सर्व वाढ मुख्य रस्त्यांलगतच्या पट्ट्यात कोंबतात. नेमक्या त्याच पट्ट्यात जुन्या, कमी भाड्याच्या इमारती असतात. वाढीव हक्काचे भूखंड मोजकेच असल्याने त्यांच्या मालकांना हवी ती किंमत मागता येते, आणि पाडापाडीचा सगळा दाब एकाच वर्गावर येतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये लागू केलेल्या एकीकृत आराखड्यात शहरातल्या सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक घरांना परवानगी दिली. त्यानंतर बांधकाम परवानग्या लक्षणीय वाढल्या, आणि ती वाढ मुख्यतः हक्क वाढवलेल्या भागांतच, त्यातही सलग भिंतींच्या घरांत दिसली. जुन्या, मोठ्या आवारांच्या भूखंडांवर घरे बसू लागली, की भाडेकरूंनी भरलेली इमारत पाडण्याची निकड कमी होते. किमतीवर आणि भाड्यावर नेमका किती परिणाम झाला, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत अजून वाद आहे; घरे वाढली याबद्दल फारसा नाही.

तरीही केवळ विस्तारावर विसंबू नये. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये एक-कुटुंबी भूखंडाचे विभाजन करून अधिक घरे बांधण्याचा हक्क देणारा कायदा केला, तेव्हा मागील तीन वर्षांत भाडेकरू राहत असलेले घर पाडण्यासाठी तो वापरता येणार नाही, अशी अट मूळ कायद्यातच घातली. तुमच्या मसुद्यात अशी अट नसेल, तर ती सुचवा, आणि सोबत तीन गोष्टी मागा : पाडल्या जाणाऱ्या परवडणाऱ्या घरांइतकी घरे त्याच दराने नव्या इमारतीत असावीत, मूळ भाडेकरूला परतण्याचा पहिला हक्क असावा आणि मधल्या काळातल्या भाड्यातील फरक विकासकाने द्यावा. या अटींचा खर्च प्रकल्पावर पडतो, हे मान्य करूनच हे मांडतो आहे; म्हणून भूखंडरेषा यांनी सुचवलेल्या नमुना भूखंडांच्या नकाशांत एक भूखंड असा घ्या, ज्यावर आज भाडेकरूंनी भरलेली दुमजली इमारत उभी आहे. वरील अटी लावल्यावर तेथे पुनर्विकास परवडत नसेल, तर ती इमारत तशीच राहील, आणि निदान पुढची काही वर्षे तरी ते भाडेकरूंच्या हिताचेच असेल.

मसुदावाचक

भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीचा नमुना घेण्याची सूचना आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती. दोन्ही तटांतील प्रत्येकी दोन सदस्यांनी मिळून हे नमुना भूखंड निवडावेत, असा प्रस्ताव मी गटापुढे ठेवत आहे. ‘सुसंगत’ आणि ‘समाधानकारक’ हे शब्द मसुद्यात शोधण्याचे कामही वाटून घेतो आणि आमचे निवेदन तयार झाले की त्याचा कच्चा खर्डा येथेच मांडतो.